ओवाळणाऱ्यांच्या रांगेत

६ जाने. ७४, रवि. सातारा.
गुरुजी येऊन गेले. शा.चं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात. तिथी सांगितली, सामान सांगितलं. निघताना म्हणाले, "फोटो जरा मोठा करून घ्या. हार घालायला बरा." हो म्हणालो.
फोटो नाही. आमच्या लग्नातला एकच होता, तो कोयनेच्या कॉलनीतलं घर भूकंपात पडलं तेव्हा ढिगाऱ्यात गेला. नंतर काढू काढू म्हणत राहिलो. मूल असतं तर बारशाला तरी निघाला असता.
दुपारी डोळे मिटून तिचा चेहरा आठवत बसलो. आवाज लगेच येतो. चेहरा मात्र...

९ जाने., बुध.
ऑफिसात देशमाने म्हणाला, "ओव्हरसियर, वहिनींचा सिनेमा लागलाय की सांगलीला. मॅटिनी." कॉलनीच्या मैदानात तो दाखवला तेव्हा देशमाने शेजारीच होता.
स्वयंपाक्याचा सिनेमा. संस्थानात नवे दिवाण यायचे असतात, गाडीतून आधी उतरतो त्यांचा स्वयंपाकी, लोक त्यालाच दिवाण समजतात. स्टेशनवर बायका त्याला ओवाळतात, हा घाबरून ताटात खिशातला लसणाचा गड्डा टाकतो. शूटिंग कोल्हापूरचं. शा. सुट्टीत मामाकडे होती. स्टुडिओवाल्यांनी गल्लीतल्या मुली नेल्या, लुगडी नेसवून उभ्या केल्या. लग्नानंतर आम्ही साताऱ्यात पाहिला. ओवाळणाऱ्यांत पुढे एक हसरी मुलगी. मी हळूच विचारलं, "ही तूच ना?" ती हूं म्हणाली.
म्हणजे तिचा चेहरा आहे. सांगलीत आहे. रविवारी जातो.

१३ जाने., रवि. सांगली.
सकाळच्या एस.टी.नं. शा.ची थोरली बहीण, अक्का, बरोबर आल्या. "मी बगितलाच न्हाई कवा. शूटिंगच उभ्यानं बगितलंय, मग शिनेमा कशाला?"
थिएटर निम्मं रिकामं. पडद्यावर नुसत्या रेघा. पुढे हळदीच्या पेठेतले हमाल बसलेले, मनापासून हसत होते. स्टेशन आलं. मी म्हणालो, "बघा अक्का, शालन."
"कुठं?"
"पुढची. हसतेय ती."
"आवं दाजी, ती शाली न्हाई. ती स्टुडिओतल्या शिंप्याची पोरगी. शाली मागं हाय, पार मागं."
तोवर स्टेशन गेलं. बाकीचा सिनेमा कसा संपला कळलं नाही.
नंतर घाटावर बसलो. अक्कांनी सांगितलं, "आदी पुढं शालीच हुती. निरांजन डाव्या हातानं फिरवाय लागली. त्यो मोठा सायेब वरडला, डाव्या हातानं ओवाळत्यात व्हय गं? दोनदा सांगितलं तरी हिचा डावाच हात वर. मग केली मागं उभी. घरी यिऊन लय रडली."
शा. डावरी होतीच. विळीवर, चुलीशी, सगळीकडे डावा हात. माझी आई त्यावरून बोलायची. ती ऐकून घ्यायची.
म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही मला सांगितलं नाही.
"दाजी, तुमी तुमची बायकू वळखली नसंल, असं मला कसं वाटंल?"
पाणी खूप खाली गेलंय नदीचं.

१४ जाने., सोम. सातारा.
संक्रांत. या वर्षी आपल्याकडे सण नाही. देशमान्यांच्या घरून तीळगूळ आला, परत कसा करायचा म्हणून ठेवून घेतला.
ती हूं का म्हणाली. मी खूश झालो होतो म्हणून? कॉलनीत तर मी उठून उभा राहून सगळ्यांना पुढची दाखवली. बायका म्हणाल्या, काय गोड दिसायच्या हो तुम्ही. ती पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं लाजली.
आणखी एक. वर्षभर माझ्या डोळ्यांपुढे येतो तो चेहरा शा.चा, की त्या शिंप्याच्या मुलीचा?

१७ जाने., गुरु. सांगली.
रजा टाकली. मॅटिनीचा शेवटचा दिवस. स्टेशन येईपर्यंत चष्मा तीनदा पुसला. फक्त मागे बघायचं ठरवलं होतं.
दिसली. हातात नुसतं ताट, डाव्या हातात. निम्मा चेहरा पुढचीच्या खांद्याआड. बाकीच्या मुली स्वयंपाक्याकडे बघतात. ही पुढे उभ्या केलेल्या मुलीकडे बघते. तेवढ्यात लसूण पडला, थिएटर हसलं.
ऑपरेटरच्या खोलीत गेलो, त्या सीनचा तुकडा मिळेल का विचारलं. भला माणूस. "फिल्लम तितंच तुटतीया सारकी. तुकडं पडल्यात, घ्या की. कोन हाय यात तुमचं?"
"मंडळी."
उजेडात धरून म्हणाला, "छान हसत्यात."
मी तुकडा घेतला, नमस्कार केला, उतरलो.

२२ जाने., मंगळ. सातारा.
फोटोवाल्याकडे तुकडा दिला. भिंगातून पाहून म्हणाला, "काका, पुढच्या बाईंचा झकास येईल. मागच्या बाईंचे नाकडोळे येणार नाहीत. नुसता पांढरा डाग येईल."
"मागच्यांचाच करा."
"पैसे वाया जातील हो."
करा म्हणालो. बाहेर आल्यावर परत आत जाऊन पुढचीचं काय ते सांगावं असं वाटलं, पण काय सांगायचं ते सुचेना.

२५ जाने., शुक्र.
फोटोवाल्यानं न सांगता दोन्ही केले. पुढचीचा सुरेख आलाय. दुसऱ्यात एक डोळा, कान, ताटाची कड. बाकी दाणेदाणे. हातात धरला तर काहीच कळत नाही. कपाटावर टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तेव्हा कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.
संध्याकाळी देशमाने आला. पुढचीचा उचलून बराच वेळ बघत राहिला. "वहिनी अगदी अशाच. हा लावा." मग दुसऱ्याकडे बघून, "हा कुणाचा?"
"शालनचा."
मग समजूत घालावी तसं म्हणाला, "ओव्हरसियर, मी वहिनींच्या हातचं जेवलोय कितीदा. मला ओळख नाही का? ह्याच त्या."
जेवलाय हे खरं. तिला रोज बघितलंय हेही खरं. पण त्या दिवशी मैदानात तो पडद्याकडे नाही, माझ्या बोटाकडे बघत होता, हे त्याला सांगायला हवं होतं. चहा केला.
अक्कांना कार्ड टाकलंय, श्राद्धाच्या आठ दिवस आधी या म्हणून. फ्रेमवाला विचारतोय कोणता घालू. त्याला अजून काही सांगितलेलं नाही.