भोकाचं नाणं

कोपनहेगन, डिसेंबर १९७३

प्रिय कालिंदी,

मी इथं मजेत आहे. कारखान्यातलं कामही जमायला लागलंय. फक्त नाणी अजून ओळखू येत नाहीत. दुकानात तळहात पुढं करतो, दुकानवाली बाई हवं ते उचलते.

काल तिनं भोकाचं नाणं उचलायला बोटं नेली अन् मी मूठच मिटली! लहानपणी आईनं माझ्या करदोड्यात असाच भोकाचा पैसा ओवला होता. बाई हसली. मी नोट मोडली, पण नाणं दिलं नाही. ते आपल्या बाळाला ठेवलंय.

दौलताबादला थंडी लई असंल, त्याला जप. तुझी कंबर दुखायची थांबली का? खरं सांग.

त्याच्या कमरेच्या मापाचा काळा दोरा पाकिटातून पाठव. मी निघाल्यावर जन्मलेला पोरगा केवढा झालाय, ते निदान हातात धरून बघीन.

तुझाच,
सदाशिव