तारेआतला कंद

२ जुलै १९३१

लिही सुंदरे, मी सांगते तसं. रानखात्याच्या सायबानं डोंगराखाली आठ गुंठ्यांना तारेचं कुंपण घातलं! त्याचं म्हणणं — आम्हा ठाकरांच्या बायका कंद खणतात, म्हणून रान टकलं झालं. मी म्हटलं, "सायेब, बाईला कदी शेंडे खाताना पायलंस? कोवळं खातात ती भेकरं नि सांबरं. त्यांना भाईर ठेव, मग बघ." हसला. पण कुंपण घातलं. दाराची किल्ली माझ्या लेकाकडं. राखणदार झाला तो! खाकी चड्डी घालून आईलाच दरडावतो, "कोन हाय रं तिकडं?"

सून त्याचं नाव लिहीत नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, मग हातानं तरी कसं घ्यावं? "आत्याबाय, 'लेक' लिवते," म्हणाली. लिही बाई. मला तरी दुसरा कुठं आहे?

१० सप्टेंबर १९३२

तारेपाशी जाऊन आले. आत कारवी कमरेला लागते, ऐनाच्या झाडांना बुडातून फुटवे, कंदाचा वेल तारेवर चढून बाहेर बघतोय! बाहेर नुसते कुरतडलेले खुंट, नि भेकरांच्या लेंड्या. सायेब एवढा शिकलेला, पण लेंड्या वाचता येत नाहीत.

२१ सप्टेंबर

गुडघा धरलाय. बाकी काही नाही.

५ नोव्हेंबर १९३३

सायेब आला. "बुधीबाई, रान वाढलं खरं." मी फुगले! मग त्यानं लेकाला विचारलं, आत कोणी खणायला शिरलं होतं का?

लेक माझ्याकडं न बघता म्हणाला, "नाय सायेब. तीन पावसाळं एक बाई आत नाय. म्हून तर वाढलं."

म्हून तर! भेकराचं नावसुद्धा नाही. कंद उकडून, सोलून ज्याच्या तोंडात घातला, तो हा. आता सगळ्या रानात खणायची बंदी होणार. घरातलं धान्य सरल्यावर वाडीनं खायचं काय — तार?

८ नोव्हेंबर

शेजारची कोंडी दारातूनच बोलली, "तुज्याच लेकानं आमच्या पोटावर पाय दिला ना गं?"  

लेकाला विचारलं. "आये, खरं बोललो असतो तं नोकरी गेली असती."

१२ नोव्हेंबर

उद्या कर्जतला जाऊन सायबापुढं टोपली ओतणार. कंद तारेआतले आहेत. दोन्ही हिवाळे मीच आत खणत होते, सुंदरे — कंदाची मुंडी परत मातीत पुरून, म्हणजे पुन्हा फुटतो. तरी रान वाढलं. बाई आत होती, भेकर नव्हतं. तुझ्यापासून लपवलं, कारण दार उघडून देणारा तुझ्या घरातला.

सायेब विचारेल, किल्ली कोणी दिली? टोपलीबरोबर द्यायच्या कागदावर त्याचं नाव लागेल. थांबलीस का? तुझ्या नवऱ्याचं आहे, ठाऊक आहे मला. माझ्या लेकाचंही आहे. लिही.

पोशा.