मोजे सैल पडले

३ मार्च
मुलीला डॉक्टरांकडे नेलं. म्हणाले, लिपिडीमा. पायांवर चरबी साचते, दुखते, उपाशी राहून उतरत नाही. मापाचे घट्ट मोजे दिवसभर घालायचे, पाण्यात व्यायाम करायचा. हिचं खाणं तोडू नका, असं माझ्याकडे बघून म्हणाले. मी आयुष्यभर शाळा चालवली, पण आळसाला इतकं छान नाव पहिल्यांदाच ऐकलं.

४ मार्च, सकाळी
सूत्रं हाती घेतली. रात्रीचं जेवण बंद. तिचं.

९ मार्च
मोजे आले. चढवताना पोरगी घामाघूम. म्हटलं, पाय घालतेस की पोतं भरतेस? हे म्हणाले, अगं, जिभेला जरा आवर. ह्यांना विनोद कधी कळलाच नाही.
तिचं काम औषधांच्या दुकानात, दिवसभर उभ्यानं. मोज्यांमुळे संध्याकाळी रडू येत नाही, म्हणाली. मुळात रडायचं कशाला?

१५ मार्च
मोज्यांच्या खोक्यावर सूचना: कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. कपड्यांचे हे असले लाड! दिवसभराचा घाम तसा जातो होय? ती झोपलेली असताना चांगले खळखळ उकळले. कडक उन्हात टाकले.
दर रविवारी हेच करायचं. ठरलं.

३० मार्च
जिंकले! मोजे सैल पडले. गुडघ्याखाली घसरतात. डाएट लागू पडलं. मुलगी म्हणाली, आई, मोजेच बिघडलेत, पाय ठणकतायत. स्वतःचं यशसुद्धा हिला सोसत नाही.
शेजारीण म्हणाली, मुलगी लंगडते का हो? म्हटलं, हलकी झालीय, सवय नाही अजून.

३१ मार्च
तिचा पाण्यातला व्यायाम बंद केला. आता काय गरज? त्याऐवजी दोरीउड्या. 

२ एप्रिल
तिसऱ्याच दिवशी हिचा गुडघा सुजला. म्हटलं, दुसरा आहे ना.

६ एप्रिल
डॉक्टरांनी सांगितलेल्या फिजिओबाईनं पायांना मापाची टेप लावली. मांड्या वाढल्यात, म्हणाली. टेपच आटली असणार. मग मोजा ओढून बघितला. तो परत जागेवर येईना. इलॅस्टिक गेलंय, हा उकळला कोणी, म्हणाली. ती, मुलगी, हे, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, आमच्या घरी स्वच्छता असते.
मुलीनं मोजे घडी करून पिशवीत ठेवले. शिस्त लागतेय.

७ एप्रिल
मुलगी मैत्रिणीकडे राहायला गेली. बॅग ह्यांनी उचलून दिली. वर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, महिन्याभरात फुगून परत येशील.

२० मे
तिचा फोन. नवे मोजे, रोज पाण्यात चालणं, पोटभर जेवण. दुखणं पुष्कळ कमी. दुकानात दिवसभर उभी राहते. म्हटलं, पाया कोणी घातला? मग या रविवारी ये म्हटलं. म्हणाली, नको आई, तुझ्याकडे आलं की पाय दुखतात.
ह्यांना विचारलं, जिन्याचं म्हणत असेल का ती?
हे म्हणाले, आपण तळमजल्यावर राहतो.