मुंग्यांची चटणी आणि आपल्या म्हशीचा चीक

सौ. इंदूस, बोईसरहून आशीर्वाद आणि एक कबुली.

फोनवर आई शेजारी बसून सगळं ऐकते, म्हणून कागदावर लिहितोय. ताप उतरला. चार खाडे झाले, पण आता रोज कामावर जातो.

तापात तोंडाला चव नव्हती. शेजारच्या खोलीतल्या तानीबाईंनी तांदळाची भाकर आणि आंबट चटणी दिली. मी दोनदा मागून घेतली आणि विचारलं, "या दिवसांत कैरी कुठं मिळाली?"

"कैरी नाय भाऊ. आंब्यावरच्या लाल मुंग्या हायत. आमी तापात देतो."

हातातला घास मी परत ताटात ठेवला. कारखान्यातला नीलेश मला बघायला आला होता. तो म्हणाला, "पुढं सगळं जग किडे खाणार, लई प्रोटीन असतं त्यात." तानीबाई म्हणाल्या, "सगळीच खायला लागली तं आमाला काय उरंल?"

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, आमच्याकडं असलं चालत नाही, आम्ही म्हैस व्याली की चिकाचा खरवस करतो. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"पिल्लाच्या वाटचं पहिलं दूध खाता तुमी?"

याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

पोरीचा खोकला कसा आहे? म्हैस याच महिन्यात व्यायची ना? यंदा खरवस नको करू. रेडकाला पोटभर पिऊ दे. आईनं विचारलं तर सांग, नागोरावला हल्ली आंबटच आवडतं.

तुझा,
नागोराव