तीस काय कळणार

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार

चौकशी म्हणे! अखिलाला तीन वेळा तेच सांगायला लावलं. व्हॉलीबॉलचा कॅप्टन कल्याणराम, खेळाच्या सामानाची खोली, आतून लावलेली कडी, पुढं त्यानं जे केलं ते सगळं. शिपाई चहा घेऊन आत-बाहेर करतोय आणि ती सांगतेय! मी शिकवते त्याच बॉटनीच्या वर्गातली पोर. आई फुलं विकते. आणि यांचे प्रश्न काय, तर खोलीत गेलीसच का? ओरडली का नाहीस? दावणीचा पदर नीट खोचला होता का?

त्याला मात्र बोलावलंच नाही. का, तर सराव बुडेल! त्याचा जबाब टाइप होऊन आला. आणला कुणी? सांबशिवनं. त्याचा कोच, आणि तोच कॉलेजच्या चौकशी समितीत!

मी समितीत का, तर एक बाई हवी म्हणून.

१३ ऑगस्ट

आज चौकशीची दुसरी बैठक.

समितीतले तिघंही आम्ही पिढ्यान्पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेले मराठी. अध्यक्ष शेषगिरी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा, सांबशिव आणि मी. अखिला समोर बसलेली. मामा तिच्याशी तमिळमध्ये गोड गोड बोलले, आणि लगेच माझ्याकडे वळून आमच्या मराठीत म्हणाले, टूर्नामेंट संपेतो ताणायचं, पोरगी आपोआप गप्प बसेल. सांबशिव तर हसत म्हणाला, "पोरानं मजपाशी कबूल केलंय. रडला बिचारा."

बिचारा!

मी म्हटलं, लाज नाही वाटत, तिच्या तोंडावर बोलता? तर मामा म्हणाले, "भामा, ती तमिळ. तीस काय कळणार?"

साडीच्या दुकानात भाव पाडायचा, पाहुण्यांसमोर भात पुरेल का विचारायचं, सगळं आमच्या मराठीत. लहानपणापासून हेच करत आलो. आज त्याच भाषेत हे! आणि ती मान खाली घालून बसलेली. मला तिच्याकडं बघवेना.

१४ ऑगस्ट

यांना सांगितलं. म्हणाले, मामांनीच तुझी नोकरी लावली, विसरू नकोस. नंतर पेपर उघडला. जेवले नाही मी.

१६ ऑगस्ट

अहवाल तयार. 'पुरावा नाही.' दोघांच्या सह्या झाल्या होत्या, माझी राहिली होती. टेबलावर कुठल्याशा कोल्ड्रिंक कंपनीनं दिलेल्या नव्या जर्सींचं खोकं. एक जर्सी बाजूला सारून मामांनी कागद पुढं केला.

नाही केली सही. सांबशिव काय म्हणाला ते प्रिन्सिपलना सांगणार, म्हटलं. मामा जराही चिडले नाहीत. म्हणाले, "सांग की. ऐकणारे आपण तिघं. आम्ही दोघं नाही म्हणू. मग?"

मग काय! कागद तिथंच टाकून उठले.

१९ ऑगस्ट

प्रिन्सिपल म्हणाले, घरातलं भांडण कॉलेजात आणू नका. घरातलं!

अखिला आजही वर्गात नाही. पोरी म्हणतात, तक्रार मागे घेतली असेल. घेणारच. आम्हीच तिला हाकललं. माझ्या माणसांची इतकी चीड कधी आली नव्हती.

२१ ऑगस्ट

महिला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. अखिलानं तिथं जबाब दिलाय. इन्स्पेक्टरबाई तमिळ लिपीतली वाक्यं अडखळत वाचू लागल्या. भाषा आमची मराठी! सांबशिवचं वाक्य, मामांचं, माझंसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

अखिला बाकावर बसली होती. आईचा हात धरून राजवाड्याच्या आमच्या गल्लीत दारोदार फुलं घालत वाढलेली पोर! थेट आमच्या मराठीत म्हणाली, "मज सगळं कळत होतं, मॅडम. तुम्ही काय म्हणता, तेवढं ऐकायचं होतं."

ऐकणारी ती चौथी. जबाब द्यायला मी तिच्या शेजारी बसले.