आज तुमचा ड्रमसेट फिरवला

अहो,

रागावू नका. तुम्हाला न विचारता तुमच्या ड्रमसेटला हात लावला, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे. कुणाकडून कळणार म्हणा!

तुम्ही गेलात तरी मिरजगावातली पोरं यायची थांबली नाहीत. शाळा सुटली की दप्तरं ओट्यावर टाकून थेट पत्र्याच्या शेडमध्ये. मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात, अगदी तुमच्यासारखं. आधी काड्या द्यायच्याच नाहीत, नुसतं मांडीवर वाजवायचं. मग पायानं वाजवायचा मोठा ड्रम, मग तारा लावलेला छोटा ड्रम, स्नेअर, शेवटी झांजा. "एकला पाय, दोनला हात. घाई केली तर घरी जायचं!" हेसुद्धा तुमच्याच आवाजात. अंगावर काटा येतो हो.

आणि ठोकाही तुमचाच. मोठा ड्रम जरासा मागं रेंगाळणारा, तुम्ही निवांत वाजवायचात तसा. भाकरी थापता थापता मी कितीदा ओरडले असेन, "अहो, चहा टाकू का?" मग शेडमधला ठोका तिथंच तुटतो. पोरं घरी गेल्यावरही हायवेवरून उसाचा ट्रक गेला की स्नेअरच्या तारा आपोआप थरथरतात. तिथं कुणी नसतं. तरी मी पदर सारखा करून उठते. काय करू?

परवा आपली सायली, त्या किराणावाल्यांची, कर्जतला शाळेच्या कार्यक्रमात वाजवायला गेली. तिथल्या सेटवर बसली आणि अडकलीच! झांजा भलत्या बाजूला, मोठ्या ड्रमचं पेडल भलत्या पायाला. लोक हसले. पोरगी घरी न जाता माझ्याकडं आली नि रडत म्हणाली, "काकू, सरांनी आमाला उलटं शिकवलं व्हय?"

असली भडकले मी! "तुझ्या सरांसारखा वाजवणारा तालुक्यात न्हाई!" म्हणाले. ती गेल्यावर शेडमध्ये जाऊन सेटकडं बघत राहिले. तुम्ही डावखुरे. सेट तुमच्या हाताला लावलेला, सगळं डावं-उजवं बदलून, पेडलसुद्धा डाव्या पायाला. बँजो पार्टीत तसंच वाजवलंत, ते ठीक. पण उजव्या हाताची एवढी पोरं त्याच सेटवर बसवलीत! एकदाही फिरवावासा वाटला नाही? की ती तुमच्यासारखी दिसावीत, एवढंच मनात होतं? बोला ना!

आज सायलीला बोलावून घेतलं. दोघींनी मिळून झांजा, स्नेअर, पेडल, सगळं पलटलं. सुरुवातीला धडपडली, मग ताल धरला तिनं. पाय बरोबर एकवर! मी स्वयंपाकघरात येऊन कान देऊन ऐकलं. छान वाजवत होती हो. आणि ते तुम्ही नव्हतात.

इतके दिवस मी ज्याला तुमचा ठोका समजत होते, तो पोरांचा अवघडलेला डावा पाय होता. तुम्हाला घरातून नेलं त्या दिवशी नाही, तुम्ही आज गेलात. भिंतीला टेकून पोटभर रडले.

सेट आता असाच राहील. पण एखादं डावखुरं पोर आलं, तर मी स्वतःच्या हातानं तो तुमच्या बाजूनं लावून देईन. हे माझं वचन. तेव्हा मात्र या हं, मी चहा टाकते.

तुमचीच,
सुमन