धन्याच्या तोंडचा शब्द

ईट, ता. भूम
दि. १४ डिसेंबर २०२४

प्रिय भागवत,

रामराम. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण अजून चालवतात. हे पत्र तुझी प्रतीक्षा तुला वाचून दाखवील. पोरी, सावकाश वाच. तुझ्या बापाला घाईनं वाचलेलं आवडत नाही.

उडीद निघाला की खतासाठी आमची मेंढरं तुमच्या रानात बसायची. एका वर्षी तू कॉलेजातून एक जाडजूड जुनी स्पॅनिश कादंबरी आणलीस, मराठीत केलेली. धन्याचं तू वाचायचास, नोकराचं मी. तो धनी नोकराला सारखा 'दोस्ता' म्हणायचा. भूक लागली, दोस्ता. मार खाल्ला, दोस्ता. शिव्या घालतानाही आधी दोस्ता! मी वैतागलो होतो, "ह्या बाबाला दुसरा शब्द येत न्हाय का रं?"

"येतंय की. पर जीव हाय त्याच्यावर, मग ह्योच तोंडात येतोय," तू म्हणालास. तेवढ्यात मेंढरं दगडाबाईच्या तुरीत शिरली आणि तू ओरडलास, "दोस्ता, पळ!" म्हातारीनं दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून तू मला नावानं हाक मारलीच नाहीस. माझ्या लग्नातही दोस्ताच.

यंदा थंडी बरी आहे. ज्वारी पोटऱ्यात आली, आता कणसं बाहेर पडतील. आपल्या गल्लीतल्या बलभीमच्या नातीचं लग्न ठरलं. मेंढरं मात्र आता कुणाच्याच रानात बसत नाहीत.

हे सगळं लिहितोय, पण सांगायचं ते राहतंय. मागच्या सोमवारी मी सोलापूरला तुझ्याकडं आलो होतो. तू माझ्याकडं बघून प्रतीक्षाला विचारलंस, "हे पावणे कोण?" मला लई लागलं रे. चहा तसाच ठेवून उठलो.

दारात चप्पल घालत होतो, तर मागून तुझा आवाज आला, "दोस्ता, जरा पाणी देतोस का?"

प्रतीक्षा हळूच म्हणाली, "काका, तुमाला बाबा घरी कामाला येणारे शिवलिंगप्पा समजले असतील."

"त्यांना तो काय म्हणून हाक मारतो?" मी विचारलं.

"मामा म्हणतात," ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला.

मी तांब्या भरून आणला. तू घटाघटा प्यालास. एसटीत बसल्यावर मला रडू आवरेना.

येत्या शुक्रवारी पुन्हा येतोय. माझं नाव नाही आठवलं तरी चालेल. तहान तेवढी राखून ठेव.

तुझा दोस्त,
सिदू